आमच्या कावेरीला सरांनी मुकी लिहिलं

गोरेगावहून सेनगावला निघालेली जीप ज्या फाट्यावर नीट थांबतसुद्धा नाही, तिथून कोसभर आत एक गाव आहे. त्या गावात एक म्हातारी राहत होती. तिला एक लेक, मारोती. एक सून, गंगा. एक नात, कावेरी. आणि मेंढरं. मेंढरं किती, ते विचारू नका.

ती म्हातारी म्हणजे मीच. शाळेत मी एक दिवसही बसले नाही, पण शाळेची खिचडी अकरा वर्षं शिजवते आहे. शाळेला दोन खोल्या, दोन्हींना मिळून सर मात्र एकच. तिसरी-चौथीच्या खोलीला लागून आमचं किचन शेड, आणि मधल्या भिंतीत एक खिडकी, तिला झडप नाही. तांदूळ शिजेपर्यंत माणसानं काय करायचं? ऐकायचं. अकरा वर्षं ऐकलं की असं होतं, एक गोष्ट सांगायला घ्यावी तर तिच्या पदराला धरून दुसरी येते, दुसरीच्या मागं तिसरी. गावातल्या बाया म्हणतात, "यमुनाबाई, तुमच्या शाळंत रोजच काहीतरी होऊन राहतंय."

रोज नाही होत. पण जे होतं ते ऐकून माझी पळी पातेल्यात तशीच उभी राहते.

*

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. शाळेत बोलतात कसं, हेच मला ठाऊक नव्हतं. घरी कसं असतं, एक बोलतो, दुसरा मध्येच तोडतो, तिसरी चुलीपुढून टोमणा मारते. इथं एकटा माणूस बोलतो आणि तीस लेकरं एकदम एकच शब्द म्हणतात. सर म्हणायचे, "समजलं का?" आणि सगळी खोली म्हणायची, "होऽऽ सर."

मला फार नवल वाटायचं. तीस लेकरांना एकाच घडीला समजतं, म्हणजे केवढा मोठा मास्तर असेल हा. माझ्या एकुलत्या एक लेकाला मी एक गोष्ट दहादा सांगते, तरी त्याच्या डोक्यात शिरत नाही.

एकदा तास सुरू होता होताच सरांना फोन आला. फळा कोराच होता. सर बाहेर लिंबाखाली गेले आणि बोलत राहिले, बोलत राहिले. माझी डाळ शिजून झाली. मग सर आत आले, खडू उचलला, आणि सवयीनं म्हणाले, "समजलं का?"

"होऽऽ सर."

सरांनी खडू खाली ठेवला. "बरं, उद्या पुढचा धडा."

जेवणाच्या सुट्टीत वाढता वाढता चौथीतल्या एका पोरीला विचारलं, "काय समजलं गं तुला?"

"काई न्हाई."

"मग हो काहून म्हणलीस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही ही म्हातारी अगदीच अडाणी आहे. म्हणाली, "आजी, हो म्हणायचं असतंय. न्हाई म्हणलं तर परत सांगतेत की."

*

दुसरी गोष्ट आयुषची. हे लेकरू कुरुंद्याहून मामाकडं शिकायला आलं. तिसरीत बसलं. अंगानं बारीक, पण गणितात हुशार.

आता आमच्या शाळेची रीत अशी, की एक बोट वर केलं तर लघवीला जायचं आहे. उत्तर येत असेल तर सगळा हात वर. कुरुंद्याच्या शाळेत उलटं. तिथं उत्तर येत असलं की एक बोट वर करायचं. ही गोष्ट आयुषला कुणी सांगितली नाही आणि सरांना कुणी विचारली नाही.

सरांनी फळ्यावर गणित घातलं. आयुषचं बोट वर. सर म्हणाले, "जा."

सरांनी जा म्हटलं म्हणजे जायचं. लेकरू गेलं. परत आलं, बसलं, बोट वर. सर म्हणाले, "पुन्हा? जा." पुन्हा गेलं. माझ्या शेडसमोरून त्याच्या चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला ते रडत होतं.

मी त्याला हाक मारली. "बाळा, पोटात दुखून राहिलं का?"

"न्हाई आजी," म्हणालं, "मला उत्तर येतंय."

मला काही कळेना. मला वाटलं, लघवीला बी आता उत्तर लागतं का काय. तोवर सरांनी त्याच्या मामाला फोन लावला, पोराला डॉक्टरला दाखवा म्हणून. मामीनं लघवीला उन्हाळी लागली असं धरलं आणि चार दिवस त्याला धण्याचं पाणी पाजलं. तेवढं पाणी पोटात गेल्यावर मग लेकराला खरंच सारखं जावं लागायला लागलं. सर म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

*

आता आमच्या कावेरीचं.

कावेरी पहिलीत बसली. पहिली-दुसरीची खोली पलीकडच्या अंगाला, तिथलं मला काही ऐकू येत नाही. पण मला काळजी नव्हती. कावेरी म्हणजे घरातला रेडिओ. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडतं. कोंबडी काय म्हणाली, कोकरानं स्वप्नात काय पाहिलं, सगळं तिला माहीत असतं. तिची आई गंगा म्हणायची, "एकदाची शाळंत जाऊ द्या, माझ्या कानाला इसावा मिळू द्या."

पावसाळा सरता सरता एक दिवस मी शेडमध्ये खिचडी वाढत होते. कावेरी माझ्याजवळ ताट घेऊन बसली होती; शाळेत जेवताना ती गप्प असते ती भुकेनं, असं मला वाटायचं. तेवढ्यात मारोती धावत आला. पायात एक चप्पल, हातात काठी, अंगभर चिखल. मेंढरं रानात तशीच टाकून आला होता. मला तो आई नाही, बाई म्हणतो.

"बाई, कावेरी कुठं हाय?"

"ही काय इथं. काहून?"

त्यानं कावेरीकडं पाहिलं, मग मोबाईलकडं पाहिलं. "सरचा मेसेज आला. पोरगी शाळंत आलीच न्हाई म्हणून. मी विहिरी पाहून आलो, बाई. दोन विहिरी पाहून आलो."

कावेरीला घेऊन आम्ही दोघं सरांकडं गेलो. सरांनी हजेरीचं रजिस्टर दाखवलं. कावेरीच्या नावापुढं गैरहजर. आणि कावेरी सकाळभर त्यांच्या टेबलापासून तीन हातांवर, पहिल्या ओळीत बसलेली होती.

"मी नाव घेतलं, ती हजर म्हणाली नाही," सर म्हणाले.

"पण तुमाला दिसली न्हाई का?"

"आजी, हजेरी तोंडानं असते."

आणि मग सरच विचारात पडले. रोज तर हजर ऐकू येतं. आज का नाही? तेव्हा दुसरं एक लेकरू म्हणालं, "सर, रोज प्रज्ञा म्हणते तिचं हजर. आज प्रज्ञा आली न्हाई."

प्रज्ञा म्हणजे कावेरीच्या शेजारी बसणारी, जीपवाल्याची पोरगी. सर रजिस्टरात मान घालून नावं वाचायचे. प्रज्ञा आधी कावेरीचं हजर म्हणायची, मग आपलं. सरांनी मान वर करून कधी पाहिलंच नाही की दोन पोरींचा आवाज एकाच तोंडातून निघतो आहे.

सरांनी कावेरीला समोर उभं केलं. "कावेरी, बोल. हजर सर म्हण."

कावेरीनं खाली पाहिलं. एक शब्द नाही. ती माझीच नात आहे का, असं मला वाटलं.

*

दिवाळी झाल्यावर सरांनी मला खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी शाळेतल्या खुर्चीवर बसले, तेव्हाच मला धाकधूक झाली.

"आजी, मनाला लावून घेऊ नका. तुमची नात मुकी आहे."

मी हसले. मला वाटलं सर गंमत करतात.

सर हसले नाहीत. म्हणाले, "मी दोन महिने लक्ष ठेवून आहे. कविता म्हणत नाही, पाढे म्हणत नाही, पाणी प्यायला जाऊ का असंसुद्धा विचारत नाही. वही बरोबर असते, पण ती प्रज्ञाचं बघून लिहीत असेल. मी तसं वर कळवलं आहे. संक्रांतीनंतर हिंगोलीहून मॅडम येतील, तपासतील. त्यांनी लिहिलं की मग तिची सोय होईल. मुक्या लेकरांची चांगली शाळा असते, राहायचं, जेवायचं, सगळं तिथंच. दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी."

सहा वर्षांची पोर, जिला अजून वेणी घालायला आई लागते, ती दुसऱ्याच गावात, मुकी म्हणून.

घरी येऊन सांगितलं. मारोती भिंतीला टेकून खाली बसला. गंगा म्हणाली, "हिला मुकी म्हणले? हिनं तासभर गप बसावं म्हणून मी देवाला नारळ बोलले हुते." असं म्हणाली आणि रडायलाच लागली. त्या दिवसापासून तिला वाटायला लागलं, देवानं तो नारळ ऐकला.

मी कावेरीला मांडीवर घेतलं. "काहून बोलत न्हाईस गं शाळंत?"

तिनं मला सांगितलं की प्रज्ञाच्या बापाच्या जीपला नवीन भोंगा बसवला आहे, तो बैलासारखा ओरडतो. आयुषला आता कुणी बाहेर जाऊ देत नाही. सरांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधली आहे. एवढं सगळं सांगितलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं दिलं नाही.

*

मारोतीनं एक डोकं लढवलं. कावेरी मेंढरांच्या वाड्यात कोकरांशी खेळत होती, तेव्हा त्यानं कुडाआडून मोबाईलवर तिचा आवाज भरून घेतला. दुसऱ्या दिवशी मी तो मोबाईल घेऊन सरांकडं गेले.

"ऐका सर. मुकी हाय का सांगा."

मोबाईल बोलायला लागला. कावेरीनं कोकरांची शाळा भरवली होती आणि ती स्वतः सर झाली होती. "ए काळ्या, भिंतीला टेकू नको. भिंत काय तुझ्या बापाची हाय का? ए बांड्या, दात काढून राहिला? उभा राहा. आन तू, शिंगवाल्या, शाळंत येतो का रान चरायला येतो? पुस्तक न्हाई आणलं? डोकं तरी आणलं का? तेबी घरी ठुलं?" मध्येच सरांचं ते खाकरणंसुद्धा हुबेहूब. कोकरं बिचारी एकापाठोपाठ बें बें करत होती.

सर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. मोबाईल थांबला.

मग हळूच म्हणाले, "आजी, मी असं बोलतो?"

"न्हाई सर," मी म्हणाले, "पोरीनं थोडं कमीच करून दाखवलं."

सरांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. शेवटी म्हणाले, "बोलता येतं हे मी मानलं. पण मॅडम मोबाईल नाही तपासणार, पोरीला तपासणार. आणि पोरगी शाळेतच बोलली पाहिजे."

*

कावेरीचं तोंड का बंद झालं, ते मला प्रज्ञानं सांगितलं. तेही सहज, हातपंपावर ताट विसळता विसळता.

"आजी, तुमाला म्हाईत न्हाई? पहिल्याच दिवशी झालं ते."

पहिल्या दिवशी सरांनी लेकरांची भीड चेपावी म्हणून घरचं विचारलं. चांगल्या मनानं विचारलं. कुणाच्या घरी म्हैस आहे, कुणाच्या घरी ट्रॅक्टर. कावेरीची पाळी आली. सर म्हणाले, "तुमच्या घरी मेंढ्या आहेत ना? किती?"

कावेरी म्हणाली, "हायत देवाच्या दयेनं."

"देवाच्या दयेनं किती?"

कावेरी गप्प.

"अगं, आकडा सांग. दहा? वीस? मोजता येत नाही का?"

कावेरी गप्प. लेकरं हसायला लागली. सरांना वाटलं, पोरगी हट्टी आहे. म्हणाले, "ठीक. जोपर्यंत आकडा सांगत नाहीस, तोपर्यंत तोंडातून दुसरा एक शब्द काढायचा नाही."

एवढं म्हणून सर पुढच्या लेकराकडं वळले, आणि पाच मिनिटांत सगळं विसरूनही गेले.

प्रज्ञानं ताट उपडं घातलं आणि पळाली. मी हातपंपाचा दांडा नुसताच हापसत राहिले. पाणी येत होतं, जात होतं.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. आम्ही ती तोंडानं ओळखतो. सांजच्याला वाड्याच्या दाराशी मारोती उभा राहतो, एकेक मेंढरू आत जातं, आणि एखादं कमी असलं तर त्याला मोजल्याशिवाय कळतं. आकडा परक्याला सांगितला की कळपाला नजर लागते. जनावरं मोजायला सरकारी माणूस येतो, तेव्हा मारोती त्याला चहा पाजतो आणि म्हणतो, साहेब, तुमीच मोजा, आमच्या तोंडून न्हाई. मला हे सासूनं शिकवलं. कावेरीला मी शिकवलं. ती बोलायला लागली तेव्हापासून रोज शिकवलं. तिला म्हटलं होतं, कुणी मारलं तरी सांगायचं नाही.

तिच्या तोंडावर मीच हात ठेवला होता, आणि त्या हातावर सरांनी आपला हात ठेवला. आणि पोरीनं दोघांचंही ऐकलं.

*

मी तशीच ओल्या हातानं सरांकडं गेले. सगळं सांगितलं.

सरांना आठवेना. "मी असं म्हणालो? अहो, सहज म्हणालो असेन. दिवसातून शंभर गोष्टी म्हणतो मी." मग त्यांना हायसं वाटलं. "म्हणजे एवढंच आहे होय? मग सोपं आहे. तुम्हीच सांगा, मेंढ्या किती आहेत. मी फळ्यावर लिहितो आणि विषय संपवतो."

मी गप्प.

"आजी? किती?"

मी चटईकडं पाहिलं. माझं तोंडच उघडेना. पन्नास वर्षांचं वळण ते.

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "आता तुमच्यासाठीही हिंगोलीहून मॅडम बोलावू का?"

मी म्हणाले, "सर, आकड्याचं सोडा. तुमी वर्गात उभं राहून एकदा म्हणा, कावेरी, मी म्हणलो ते सोडून दे, बोल."

सरांनी मान हलवली. "सगळ्या वर्गापुढं? मास्तर होऊन पोरीपुढं शब्द मागं घेऊ? उद्या एकही लेकरू ऐकणार नाही माझं. तुम्ही घरी सांगा, सरांनी सूट दिली म्हणून."

मी घरी सांगितलं. कावेरी म्हणाली, "सरनं मला म्हणलं हुतं. तुला न्हाई. सरनंच सांगावं."

मग मी छातीवर दगड ठेवला. म्हणाले, "मग सांगून टाक बाई आकडा. लागली नजर तर लागू दे."

कावेरीचे डोळे एवढे मोठे झाले. ती माझ्यापासून सरकून बसली. "आजी, तू असं बोलून राहिली? आन मेंढरं मेली तर?"

माझ्या सासूपेक्षा कडक निघाली.

*

संक्रांत झाली. मॅडम आल्या. गाडीतून उतरल्या, हातात मोठी पिशवी. पिशवीत घंटी, चित्रं, खेळणी आणि कागद. बाई चांगली होती, आवाज मऊ. पण तो कागद पाहून गंगानं दाराची चौकट धरली. मारोती मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून आला होता. मी चुलीवर खिचडी ठेवली आणि तीही तशीच सोडून पहिलीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले.

मॅडमनी कावेरीच्या पाठीमागं घंटी वाजवली. कावेरीनं वळून पाहिलं. मॅडमनी लिहिलं, ऐकू येतं. चित्रं दाखवली, जोड्या लावायला सांगितल्या. कावेरीनं बरोबर लावल्या. मॅडमनी लिहिलं.

"तुझं नाव काय बाळा?"

कावेरी गप्प.

"हे कोण आहेत दारात? आई ना?"

कावेरीनं गंगाकडं पाहिलं. आवाज नाही.

मॅडमनी तीनदा विचारलं. चॉकलेट दिलं. सगळ्या लेकरांना बाहेर काढू का म्हणाल्या. मग सुस्कारा टाकला आणि पेन कागदावर टेकवलं. गंगा माझ्या खांद्यात नखं रुतवून उभी होती.

"मॅडम, एक मिनिट थांबा," सर म्हणाले.

सर खुर्चीवरून उठले आणि कावेरीपुढं चटईवर मांडी घालून बसले. त्या खोलीत सरांना खाली बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लेकरं चुळबुळायची थांबली.

"कावेरी," सर म्हणाले, "पहिल्या दिवशी मी तुला म्हणालो होतो, आकडा सांगितल्याशिवाय बोलायचं नाही. ते माझं चुकलं. तो प्रश्न मी परत घेतला. आता तू बोलू शकतेस."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

मी तोंडावर पदर घेतला. मास्तरनं लेकराचे कान धरलेले मी अकरा वर्षं पाहत आले. हे कधी पाहिलं नव्हतं. मागच्या ओळीत कुणीतरी हसायला गेलं आणि शेजारच्यानं त्याचं तोंड दाबलं.

कावेरीनं आधी सरांच्या कानांकडं पाहिलं. मग तिनं घसा खाकरला.

"आंबा," ती म्हणाली.

मॅडम पुढं वाकल्या. "काय?"

"आंबा. सात. लाल, पांढरा, काळा. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू. उजवा हात हा, डावा हा. ढगातून. बारा. नखं कापायची, हात धुवायचे. सोमवारच्या नंतर मंगळवार..."

थांबेच ना. मॅडमच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्या सरांना हळूच म्हणाल्या, "हे असंबद्ध आहे. बोलते, पण अर्थ लागत नाही. हे मला वेगळ्या रकान्यात लिहावं लागेल." आणि त्यांचं पेन खालच्या रकान्याकडं गेलं.

तेव्हा प्रज्ञा उभी राहिली. हात वर केला नाही, विचारलं नाही, सरळ बोलली. "मॅडम, लिहू नका. ती बराबर बोलून राहिली. आंबा, ते सरनं शाळा उघडली तवा इचारलं हुतं, आ वरून काय. सात म्हणजे पाच आन दोन. रंग, ते पोळ्याच्या आधी इचारले हुते."

सरांनी कान सोडले.

कावेरी पुढं चाललीच होती. आता सगळी पहिली तिच्याबरोबर ओळखायला लागली. "हे राखीच्या वक्ताचं." "हे सर रागावले हुते त्या दिसाचं." "हे मला इचारलं हुतं, मला आलं न्हाई." एकेका उत्तराला एकेक लेकरू मान डोलवत होतं. सरांनी विचारलेलं, कुणाकुणाला विचारलेलं, सगळं तिनं आत ठेवलं होतं, ओळीनं, एकाच्या मागं एक.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी टाकली. मारोती दाराबाहेर तोंड फिरवून उभा राहिला. गंगाचा हात माझ्या खांद्यावरून सुटला. मला खिचडी करपल्याचा वास येत होता, पण मी दारातून हलले नाही.

कावेरी कालच्या प्रश्नापर्यंत आली. त्याचंही उत्तर दिलं. मग बाहीनं तोंड पुसलं, जरा सावरून बसली, आणि सरांना म्हणाली,

"झालं मागचं. सर, आता नवीन इचारा."